वकिलात हवा किती?

सायकलदुरुस्तीत उभा जन्म काढलेल्या पंपअण्णांना एकाएकी मृत्युपत्राची घाई झाली, ती थोरल्या जावयांमुळं. सासऱ्याच्या देखत त्यांनी दुकानाची मापं घेतली अन् म्हणाले, "इथं मोबाईलचं शोरूम झकास होईल, मामा."

अण्णांच्या मनात वेगळंच होतं. थोरलीला राहतं घर द्यायचं, पण दुकान धाकटीचं. वाकड्या चाकाचा आऊट ती बापापेक्षा बरा काढायची. फक्त कागदावर तसं कुठंच नव्हतं.

"मग गाठा की एखादा वकील," बायको म्हणाली.

"एखादा कसा चालेल? त्याचं खरं काम मी गेल्यावर. तोच आधी गचकला तर?"

म्हणून अण्णा वकील धुंडायला निघाले ते सायकल ढकलत, चाकातली हवा मुद्दाम सोडून, काखेत हातपंप मारून. मागोमाग बायको, कपाळावर हात मारत.

पहिले वकील बडं प्रस्थ. "साहेब, माझा खांदा धरलाय, तेवढी हवा भरून द्या," अण्णांनी गळ घातली. साहेबांनी कोट काढला, पाच-सहा वेळा पंप मारला अन् पायरीवरच बसकण मारली.

"व्हॉल्व्ह गळतोय," अण्णा पुटपुटले.

"सायकलचा?"

"साहेबांचा!"

दुसऱ्यांनी पंप बघताच दार लावून घेतलं.

तिसऱ्या वकीलबाई, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्या खाली आल्या, बाह्या सरसावल्या. पंप मारता मारता विचारत गेल्या: दुकान कुणाच्या नावावर, मुली किती, कुणाला काय. चाक टणक झालं तरी बाईंना धाप नाही!

"पास!" अण्णा खूश.

"आता तुम्ही मारा. गिऱ्हाईक किती टिकतंय ते मलाही बघू दे."

चौथ्या दणक्याला अण्णांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. "उद्यावर नको, अण्णा. आजच लिहू. दोन साक्षीदार आणा, पण तुमच्या मागं राहतील असे. पुढं कोर्टात लागतात."

मागं राहतील असे! अण्णांचा हात आपसूक पंपाकडं गेला.

"अहो, खबरदार!" बायकोनं पंप हिसकावला. "खाली छापखान्यात दोघं धडधाकट दिसलेत. त्यांना आणते मी. तुम्ही गुमान सही करा."

सही झाली. दुकान धाकटीच्या नावानं लिहिलं गेलं. संध्याकाळी तिनं सगळं ऐकलं अन् पंप उघडून बघितला.

"बाबा, ह्याचा वॉशर फाटलाय की! ह्यानं पैलवानालाही धाप लागेल."

अण्णा मांडीवर थाप मारत ओरडले, "म्हणजे बाई दीडशे वर्षं जगतेय बघ!"