आवणीच्या आठवड्यातली परीक्षा

“ऊठ. ओढणीनं पूस ते बाक.”

हायस्कुलातला तो माझा पहिला दिवस व्हता, भाताची आवणी उरकून आल्यावरचा. आठवीचा. सर दारातनंच बोलले. एसटी चुकली म्हणून निम्मी वाट चालत आलेली, कपडे भिजलेले, पायाला खाचराचा चिखल. बाक वलं झालं व्हतं, हे खरं. वाडीच्या शाळेत सातवीपर्यंत मी पहिल्याच बाकावर बसायची, म्हणून इथंबी जाऊन बसले.

“ही अ तुकडी आहे. डोंगरातली पोरं ड मध्ये. तिकडं, पत्र्याखाली.”

पुसलं. नव्याकोऱ्या ओढणीनं. एकजण हसला. बाकीच्यांनी पुस्तकात तोंड घातलं. हसणाऱ्याचा मला राग न्हाई आला, तोंड घालणाऱ्यांचा आला. अजून येतो.

आता ही तुकड्यांची भानगड सांगते. शाळा लई जुनी. आधी खालच्या गावात एक खोली व्हती, गावातल्या पोरांपुरती. आमच्या वरच्या वाड्यांना आश्रमशाळा, तीबी लांब. मग दोन्हीकडची माणसं एकत्र बसली आन् ठरलं, एकच हायस्कूल करायचं, सगळ्यांचं. खालच्यांनी जमीन दिली, वरच्यांनी दगड. माझ्या आज्यानं त्या दगडाच्या खेपा टाकल्यात. भिंतीवर अजून लिहिलेलं हाय, ‘सर्वांची एकच शाळा’. दरवर्षी वर्धापनदिनाला शाळेचा इतिहास वाचतात. जमीन देणाऱ्यांची नावं येतात. दगड वाहणाऱ्यांचं एकबी नाव येत न्हाई.

शाळा एक, पर आत चार. अ ला सेमी इंग्लिश, चांगले मास्तर, प्रयोगशाळा. ब ला त्याच्या खालोखाल. क ला उरलंसुरलं. ड ला पत्र्याची शेड आन् मैदानाची झाडलोट. कोण कुठं बसणार ते आठवीच्या सुरुवातीला एका परीक्षेवर ठरायचं. आन् ती परीक्षा दरसाल आवणीच्या आठवड्यात.

आमच्याकडं भाताची आवणी, म्हंजे रोपांची लावणी, सावडीनं होते. आज सगळी वाडी तुमच्या खाचरात, उद्या तुमी दुसऱ्याच्या. घरातला एक हात कमी पडला तर पुढच्याच्या बांधावर तोंड दाखवायची सोय न्हाई. त्या आठवड्यात आमच्यातलं एकबी पोर शाळेत नसायचं. खालच्या गावात ऊस आन् बटाटा, त्यांना आवणी ठाऊक नव्हती म्हणावं, तर एसटीच्या खिडकीतनं सगळ्यांना दिसते की. गैरहजर म्हंजे नापास. नापास म्हंजे ड. डोक्यात काय हाय ते कुणी बघायचंच न्हाई.

मला प्रयोगशाळा पायजे व्हती. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो त्याचं चित्र पुस्तकात व्हतं. घरी कांदा सोलून मी पापुद्रा उजेडात धरून बसायची. आई म्हणायची, “येडी झालीस का? टाक तो कालवणात.” आन् प्रयोगशाळा फक्त अ-ब ची.

मैदान झाडताना तिची खिडकी दिसायची. डोकं भणभणायचं. एक दिवस खराटा टाकला आन् मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिले.

“मलाबी पेपर द्या.”

“परीक्षा झाली.”

“माझी न्हाई झाली.”

शिपायानं हाकललं. दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याच्या पुढच्याबी दिवशी. शेवटी वैतागून दिला त्यांनी. हापिसातल्या स्टुलावर बसून सोडवला. त्यांनी तपासला, चष्मा काढला आन् हसले.

“छान. उद्यापासून अ मध्ये बस. तू त्यांच्यातली वाटत नाहीस.”

बाक पुसताना मला रडू आलं व्हतं. आता रडू न्हाई आलं. कानशिलं तापली. दाराबाहेर हौसा उभी व्हती, माझी चुलतबहीण, माझा खराटा सांभाळत. गणितात ती माझ्या कितीतरी पुढं. तिनं पेपर मागितला न्हाई, एवढाच फरक.

“मी त्यांच्यातलीच हाय,” म्हणलं. “सगळ्यांची घ्या परीक्षा. न्हाईतर मी ड मध्येच बसते.”

“मग बस.”

बसले. दहावीपर्यंत, पत्र्याखाली. सूक्ष्मदर्शक मी कॉलेजात गेल्यावर बघितला. हौसाला दहावी झाल्या झाल्या उजवली, सासरी धाडली. लोक इचारतात, काय मिळालं तुला? काय न्हाई मिळालं. पर आवणीत ओळ धरून लावायचं असतं, एकटीनं सुटून चालत न्हाई. ते मला त्या स्टुलावर बसूनबी इसरता आलं न्हाई.

आता मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. पत्रा गेला, नवी इमारत आली, गेटवर कॅमेरा आला. तुकड्या तशाच. परीक्षा तशीच, येत्या सोमवारी. हौसाच्या सासरी आवणीसाठी रोपं उपटायला घेतलीत. तिची पोरगी यंदा आठवीला. तीबी खाचरात.

काल नव्या मुख्याध्यापकांना म्हणलं, आठवडाभर पुढं ढकला. ते म्हणाले, “मॅडम, वेळापत्रक ठरलंय. जे येतील त्यांची घ्या. आणि तुम्ही स्वतः ड मधूनच आलात ना? हुशार माणूस कुठूनही वर येतो.”

मला हौसाचं गणित आठवलं. ती कुठं वर आली? चुलीपुढं हाय ती.

सोमवारी मी वर्गावर जाणार. पेपरांचं पाकीट टेबलावर ठेवणार आन् फोडणार न्हाई. डोंगरातली पोरं आवणी उरकून खाली येईस्तवर न्हाई. नोटीस द्यायची तर देऊ द्या. घरी बसवायचं तर बसवू द्या. पहिल्या बाकावर बसून मी वाट बघणार हाय. आन् कुणी ऊठ म्हणलं, तर उठणार न्हाई.