उन्हाची राखण

एकाच गच्चीवर तीच चार-पाच माणसं रोज तासभर बसली, की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. फडताळातल्या बरण्यांसारखं असतं ते. एक काढायला जावं, तर मागच्या दोन पुढे येतात! येरवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचे हे काही. पण मी तिथे काय करत होते, ते आधी सांगते.

सहा वर्षं मी युरोपच्या अगदी वरच्या टोकाला शिकले. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. पहिल्या वर्षी गंमत वाटली. तिसऱ्या वर्षी आंघोळीला उठणंही जमेना. डॉक्टरांनी त्या अवस्थेचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, समोर धरून बसायला एक प्रखर दिवा दिला. सहाव्या हिवाळ्यात पीएच.डी. अर्धी टाकून मी पुण्याची वाट धरली. माझे प्राध्यापक भला माणूस. म्हणाले, "जुलैअखेरपर्यंत तुझी जागा राखून ठेवतो. उन्हानं बरं वाटलं तर तिकडेच राहा. नाहीतर परत ये."

मला वाटलं होतं, सूर्य जिथे इतका सढळ आहे, तिथले लोक तोंड वर करूनच चालत असतील!

प्रत्यक्षात सगळं शहर उन्हाला चुकवत होतं. घरोघरी पडदे ओढलेले. रिक्षा उभी करायची तर झाडाखाली. वाघोलीत फ्लॅट बघायला गेले, तर एजंट अभिमानानं म्हणाला, "मॅडम, ऊन अजिबात येत नाही!"

मी म्हटलं, "मला येणारा दाखवा."

तो जरा जवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बजेटचा प्रॉब्लेम आहे का?"

शेवटी, आल्यापासून जिच्याकडे उतरले होते, त्या येरवड्याच्या शैलाकाकूकडेच मी राहिले.

*

पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, मी गच्चीवर चटई टाकून आडवी झाले. डोळे मिटले. पापण्यांच्या आत सगळं केशरी झालं. इतकं ऊन, आणि फुकट! मला रडूच आलं.

तेवढ्यात नाकाशी काहीतरी उग्र आलं आणि तोंडावर गार पाणी बसलं. दचकून उठले. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे आजी. एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात तांब्या.

"शैला, शुद्धीवर आली गं!" त्या जिन्याकडे तोंड करून ओरडल्या.

"आजी, मला काही झालेलं नाही. मी ऊन खातेय."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "अस्सं. मग जेवायला काय वाढू? सावली?"

*

मी वाघोलीच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवायला लागले. रोज काकूच्या मुलीच्या, सानिकाच्या स्कूटरवर मागे बसून जायची. तिचा चेहरा स्कार्फात गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंत मोजे. माझं तोंड मोकळं, आनंदानं लाल.

एकदा सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. वरच्या मुलीचे फक्त डोळे दिसत होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, स्कार्फ विसरलात का? माझ्याकडे एक जास्तीचा आहे." मी नको म्हणेपर्यंत डिकी उघडली, स्कार्फ माझ्या मांडीवर पडला, सिग्नल हिरवा झाला आणि ती गेलीसुद्धा!

मला भरून आलं. सहा वर्षांत तिकडे अनोळखी माणसानं मला आपण होऊन वेळही सांगितली नव्हती. सानिकाला म्हटलं, "हा तिला परत करायला हवा."

"कर की," ती म्हणाली. "निळा स्कार्फ, डोळे काळे. सापडेल."

*

कॉलेजात माझा उत्साह फारच उतू जात होता. एप्रिलमध्ये मी अख्खा वर्ग मैदानात नेला. सूर्याबद्दल शिकायचं, तर सूर्याखाली! मी तळमळीनं बोलत होते. आपल्याला केवढं मिळालंय आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसतो, वगैरे. पोरं चुळबुळत उभी. पाचेक मिनिटांनी मागून एक हात वर आला. मला वाटलं, प्रश्न!

"मॅडम, सगळं पटलंय. आता सावलीत गेलो तर चालेल का?"

*

एकदा काकूनं माझ्या बॅगेतला दिवा बाहेर काढला. "हे काय गं?"

"तिकडे हिवाळ्यात सकाळी याच्यासमोर बसायचे. खोटं ऊन."

काकू हसायला लागली. इतकी, की पदरानं डोळे पुसले. "उन्हाचा दिवा! देशपांड्यांना दाखवते थांब." मग सहज विचारलं, "किती वेळ बसायचीस?"

"अर्धा तास."

"एकटी?"

"एकटीच."

काकूनं दिवा नीट परत बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले, तर ती दोन कप चहा घेऊन तिथे आधीच बसलेली. म्हणाली, "माझं बी-व्हिटॅमिन कमी आहे."

"काकू, उन्हातून डी मिळतं."

"तेच ते," ती म्हणाली. "पी चहा."

*

गच्चीवरचं चौथं माणूस म्हणजे गायकवाड काका. हवामान खात्यातून निवृत्त. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांचं काम एकच: ऊन मोजणं!

मला ते खरंच वाटेना. त्यांनी समजावलं. एक भरीव काचेचा गोळा असतो. त्याच्यामागे कागदाचं कार्ड लावायचं. ऊन गोळ्यातून जाऊन त्या कार्डावर जळकी रेघ ओढतं. सूर्य सरकेल तशी रेघ सरकते. ढग आला की रेघ तुटते. सूर्य मावळला की कार्ड काढायचं, रेघ मोजायची, तारीख घालून फाईलला लावायचं.

"म्हणजे प्रत्येक दिवसावर सूर्याची सही आहे?" मी थक्क होऊन विचारलं.

"सही बिही माहीत नाही. तास आणि मिनिटं असतात."

शेजारी गायकवाड काकू पापडावरचे कावळे हाकत होत्या. "आमच्या लग्नादिवशी ऊन किती होतं, विचार त्यांना."

"सात तास वीस मिनिटं," काका तत्काळ म्हणाले.

"आता माझी साडी कुठल्या रंगाची होती, ते विचार."

काका गोळा पुसायला लागले.

*

हो, त्यांचा घरचा गोळाही होता. शोभेचा काचेचा गोळा आणून त्यांनी कठड्यावर बसवला होता. कार्डासाठी जाड कागद हवा, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापायचे. एका पट्टीवर अर्धा गणपती, दुसरीवर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!'

मे महिन्यात त्यांनी चुकून होऊ घातलेल्या लग्नाचीच पत्रिका कापली. काकूंच्या भाचीची. काकूंनी शोधाशोध केली, तेव्हा ती गोळ्यामागे होती आणि जळकी रेघ बरोब्बर कार्यालयाच्या नावावरून गेलेली! काकांना नाव आठवत होतं म्हणे. दोघं नटूनथटून गेले, आहेर दिला, पंगतीत बसले.

"नवरी आपली नाही, हे मला मठ्ठा वाढताना कळलं," काकू सांगत होत्या.

"मग?"

काका म्हणाले, "त्या दिवशी ऊन मात्र पूर्ण दिवस. रेघ कुठेही तुटली नाही!"

*

एवढ्या सगळ्यामुळे गच्चीवर राखणीची पाळी लागली होती. देशपांडे आजींनी लिफ्टमध्ये कागदच चिकटवला. पापड-कुरडया कुणी कधी राखायच्या, गोळ्याचं कार्ड कुणी लावायचं. कार्ड लावणाऱ्यानं मागे सही करायची. बुधवार माझा. मे अखेरीला पापड डब्यात गेले, तरी कार्डाची पाळी चालूच राहिली. मी जूनअखेरपर्यंत एक बुधवार चुकवला नाही. मला वाटलं, मी बरी झाले. आता प्राध्यापकांना आनंदानं 'येत नाही' म्हणून कळवायचं.

मग जुलै आला आणि आभाळ बंद झालं.

हे मी हिशेबातच धरलं नव्हतं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस सूर्य नाही. तोच करडा उजेड, सकाळी तोच आणि दुपारीही तोच. माझं अंग जड झालं. कॉलेजला रजा टाकली. इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण अंथरुणातून उठायचं म्हणजे डोंगर. वाटायला लागलं, की मी अंधार सोडून आलेच नाही, बॅगेत भरून बरोबरच आणलाय. मग इथे तरी का राहायचं? तिकडे निदान अर्धी पीएच.डी. होती. प्राध्यापकांची मेल आली होती: बुधवारी सकाळपर्यंत कळव, आणि जे ठरवशील त्याचं कारणही लिही. मी 'येते' असं टाइप करून ठेवलं होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. गायकवाड काका. डोक्यावरून पाणी निथळतंय, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. आत आले, माझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले आणि पिशवीतून पट्ट्या काढून चादरीवर ओळीनं मांडल्या. अकरा. काही पावसानं फुगलेल्या. वरवर सगळ्या कोऱ्या. प्रत्येकीवर तारीख.

मी म्हटलं, "काका, ऊन नव्हतंच. मग कार्ड कशाला लावलं?"

"नव्हतं, हे लावल्याशिवाय कसं कळणार?"

मी पट्ट्या उलटून पाहिल्या. मागे सह्या होत्या. शैला. शैला. गायकवाड काकूंचं वळणदार 'मंदा'. देशपांडे आजींचा थरथरता 'दे'. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या आजी, भर पावसात, छत्री घेऊन!

"आजी काही बोलल्या नाहीत?"

"बोलल्या ना. म्हणाल्या, पापड राखून झाले, आता ढग राखा."

एका पट्टीच्या मागे मात्र सही नव्हती. गेल्या बुधवारची. ती मी पुन्हा सुलट केली. मधोमध, गुलाबी कागदावर, मोहरीएवढा जळका ठिपका होता.

काकांनी चष्मा सारखा केला. "दुपारी पावणेदोन. तीन मिनिटं, फार तर चार. तू झोपली होतीस. कार्ड मी लावलं, पण सही तुझी राहिलीय."

जाताना ते दारात थांबले. "उद्या बुधवार."

सकाळी साडेसहाला मी गच्चीवर गेले. आभाळ तसंच, पाऊस तसाच. गोळा पुसला, पट्टी लावली, मागे सही केली. मग छत्री मानेत धरून तिथेच प्राध्यापकांना लिहिलं: जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी.

कारणाच्या जागी लिहिलं: बुधवारी माझी पाळी असते.