चहाला डिझेलचा वास

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण एका सासूने सुनेविरुद्ध आणलेली तक्रार मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त आठवते, आणि आठवली की आजही हसू येतं.

तेव्हा मी संगमनेरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी चालू असताना साठीच्या एक मावशी आत आल्या आणि हातातला थर्मास ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आदळून म्हणाल्या, "सून मला चहातून रॉकेल पाजती. लिवून घ्या."

हवालदार हसायला लागले. मी झाकण उघडून वास घेतला. वास खरा होता, फक्त रॉकेलचा नव्हता. डिझेलचा होता.

"सून कुठं आहे?"

"गेली माहेरी, अकोले तालुक्यात. म्हनली, इस्वास नसंल तर मी ऱ्हात न्हाई."

मी मावशींना जीपमध्ये बसवलं आणि त्यांच्या घरी गेलो. बोअरचं पाणी बादलीत घेऊन उन्हात ठेवलं, तर वर रंगीत तवंग. मावशी वाकून बघत राहिल्या.

"म्हंजी तिनं न्हाई केलं?" एवढंच बोलून त्या पायरीवर बसल्या.

घराच्या भिंतीपलीकडे एक रिकामा प्लॉट होता. मालक पुण्याला. गुडघाभर गवत माजलेलं, पण मधोमध एक पट्टा करपलेला. तिथली माती मुठीत घेतली तर तोच वास. मी आधी शिपायांच्या बिड्या-काडेपेट्या काढून घेतल्या, अग्निशमन दलाला फोन केला आणि गल्लीतल्या बोअरच्या मोटारी बंद करायला लावल्या. भूजल खात्याचे अधिकारी येऊन मातीचे, पाण्याचे नमुने घेऊन गेले. अहवाल स्पष्ट आला: डिझेल त्या प्लॉटमधूनच मुरत होतं.

गल्लीने मात्र अहवालाची वाट पाहिली नव्हती. कोपऱ्यावरच्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं. का, तर त्याचे हात काळे असतात! तो ठाण्यात येऊन रडकुंडीला आला. "साहेब, गिऱ्हाईक तुटलं. दुकान उचला म्हनत्यात." मी त्याच्याकडची पिंपं तपासली. त्यात इंजिनातून काढलेलं जळकं, काळंकुट्ट ऑइल होतं. प्लॉटमधलं डिझेल स्वच्छ, न वापरलेलं.

मग शेजाऱ्यांचे जबाब सुरू केले. त्यांत एकजण फार मदतीचा होता. पूर्वी टँकर चालवायचा, आता स्वतःचे दोन टेम्पो होते. आम्हाला खुर्च्या द्यायचा, मावशींच्या घरी स्वखर्चाने पाण्याचे जार पाठवायचा. त्याला मी सहज विचारलं, "तुमच्या पाण्याला वास कधीपासून?"

"आमी बोअरचं पीतच न्हाई, साहेब. गनपतीपासनंच जार लावलाय."

बाकी गल्लीला वास आला होता दिवाळीनंतर. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. जबाब लिहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे त्याला वाचून दाखवला. गणपतीपासूनच्या जारच्या वाक्यावर तो म्हणाला, "तेवढं काढून टाका."

"का?"

तो गप्प. मीही गप्प. गप्प बसलेल्या पोलिसापुढे माणसाला फार वेळ बसवत नाही.

"एक पिंप फुटलं, साहेब," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, पावसात जाईल वाहून."

हायवेवरच्या टँकरमधून चोरलेलं डिझेल तो विकत घ्यायचा आणि पिंपं त्या प्लॉटमध्ये पुरून ठेवायचा. पंचांसमक्ष जेसीबी लावला आणि जागा त्यानेच दाखवली. पिंपं वर आली तशी गल्लीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी गॅरेजवाल्याची माफी मागून त्याच्या दुकानापुढे नारळ फोडला. चोरी करणारे ड्रायव्हरही पकडले गेले.

खराब माती उचलून नेली. जमिनीतलं पाणी मात्र लगेच निवळत नसतं, म्हणून बोअर सील केले. नगरपालिकेने गल्लीत नळ आणला. पहिलं पाणी आलं तेव्हा बायकांनी भांडी भरायची सोडून एकमेकींना भिजवलं, आणि बंदोबस्तावरचे माझे दोन शिपाईही त्यातून सुटले नाहीत.

त्यानंतर मावशी पुन्हा ठाण्यात. "साहेब, तुमी चला संगं. एकटी गेले तर ती दार लावंल."

सुट्टीच्या दिवशी गेलो. अकोल्याच्या डोंगरात भाताची झोडणी चालली होती. सून खळ्यात होती. सासूला पाहून तिने हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"चूक माजी हुती," मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या. "चल घरी. तुज्याबिगर करमत न्हाई."

सुनेने हातातली पेंढी आपटून झोडली. "एवढं भात झोडून हुंद्या, मंग येते."

मावशींनी पदर खोचला आणि शेजारची पेंढी उचलली. दोघी झोडायला लागल्या, आणि बघता बघता सासू-सून अशा खळखळून हसल्या की सारं खळं हसलं.

तक्रारदाराने बोट कुणाकडे दाखवलंय यापेक्षा त्याला झालंय काय, हे आधी पाहावं, असं ही केस मला शिकवून गेली. आणि कबुलीजबाब तर मी आयुष्यभर घेतले. कुणी न विचारता, आनंदाने दिलेला असा मावशींचा तो एकच.