दाजींनी केलेलं बेट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतकी मनापासून काळजी करणारा माणूस अख्ख्या शेवगाव तालुक्यात तेव्हा दुसरा नव्हता, आणि पुढेही झाला नसावा. इतर माणसं संकट आलं की काळजी करतात. दाजी काळजी आधी करून ठेवत आणि मग तिला साजेसं संकट कुठून येतंय याची वाट बघत. पाऊस लांबला की पेरणीची काळजी सगळ्या गावालाच असे, पण पाऊस वेळेवर आला तरी दाजी आभाळाकडे संशयाने बघत म्हणायचे, "एवढा वक्ताला कसा काय आला? कायतरी गडबड हाय." घराला कुलूप लावलं की ते स्वतः ओढून पाहत, मग शेजाऱ्याला बोलावून त्याला ओढायला लावत, म्हणजे उद्या काही झालंच तर साक्षीला माणूस असावा. एकदा लग्नाला निघताना त्यांनी कुलूप इतकं जीव खाऊन ओढलं की कोयंडाच हातात आला. तिकडे लग्न लागून पंगती उठल्या, आणि इकडे दाजी उंबऱ्यावर सुताराची वाट बघत बसलेले. शेजारी हसले, तर म्हणाले, "कोयंडा ढिला हुता. वढला नसता तर कळलं असतं का?" 

एस.टी.त ते ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे बसत आणि तो पेंगत नाही ना हे बघण्यासाठी दर थोड्या वेळाने त्याच्याशी काहीतरी बोलत. शेवटी एका ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमीच चालवता का?" दाजींनी त्याचीही काळजी केली. मला म्हणाले, "मानूस चिडका हाय, पाव्हणं. चिडक्याचा हात थरथरतो." खांद्यावरच्या पिशवीत कायम एक लांबलचक कासरा असे, बैलाला लावतात तो. कुणी विहिरीत पडलं तर हाताशी दोर असावा, एवढाच त्यामागचा विचार. तो कासरा घेऊन ते बाजारात जात, तेराव्याला जात, लेकीच्या, सुमीच्या शाळेत जात. नेवाशाच्या कचेरीत मी कारकून होतो, तिथे मधल्या सुट्टीत मी दाजींची नक्कल करून दाखवायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. त्या हसण्याचं मला नंतर फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

दाजींना सगळ्याचीच धास्ती होती, पण खरी भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे पाण्याची. वाफ्यातलं पाणी त्यांचं ऐकायचं. विहिरीचं पाणी पाटात सोडलं की फावड्याच्या दोन ओढींत ते त्याला हवं तिकडे वळवत, आणि एक ढेकूळसुद्धा वाहून जात नसे. पण घोट्याच्या वर चढणारं, आपल्या मनाने वाहणारं पाणी दिसलं की ते चार पावलं मागे सरकत. आमच्या भागात असं पाणी दिसायचंही क्वचितच, त्यामुळे ही भीती वर्षातून फार तर एकदोनदा वापरावी लागे. 

आणि नेमकं याच माणसाच्या बायकोला बेटावर राहायचं होतं.

त्याला कारण एक कॅलेंडर. खतांच्या दुकानातून आलेलं ते कॅलेंडर अक्काच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. निळाशार समुद्र, मध्ये हिरवं बेट, त्यावर वाकलेली माडाची झाडं. वर्ष संपलं, तारखांचा भाग अक्काने चुलीत घातला, चित्र तसंच ठेवलं. अक्का तेव्हा लांबून डोक्यावर पाणी आणायची. एकावर एक दोन हंडे घेऊन आत आली की हंडे उतरवण्याआधी तिचा डोळा त्या चित्राकडे जायचा, हे मी कितीदा पाहिलं होतं. एकाहत्तर सालच्या भाऊबीजेला तिने मला ओवाळलं आणि मी म्हटलं, "अक्का, दर वर्षी लुगडंच देतो. या वर्षी तूच सांग." ती आधी नको नको म्हणाली. मग चित्राकडे बोट करून म्हणाली, "असल्या ठिकानी चार दिस राहायचंय. भाकरी मी तिथं बी थापीन. पन थापताना चारी अंगांनी पानी दिसावं." मी हो म्हणून बसलो. भाऊबीजेचा शब्द. ओवाळणी मी कबूल केली होती, पण दाजींना पाण्यात नेणार कोण?

आधी मी कोकणाचा विषय काढला. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटावर जायाचं कशानं?"

"होडीनं."

"होडीवाल्याला पवता येतं का?"

"येतंच की, दाजी."

"मग तर झालंच. होडी बुडली म्हंजी त्यो पवून जाईल. आमी?"

कोकण तिथेच संपलं. हिवाळा गेला, उन्हं तापायला लागली, हंडे घेऊन आत आलेली अक्का चित्राकडे बघायची, आणि ते मला फार जड जाऊ लागलं. मग कचेरीत येणाऱ्या कोंडिबाने मला गोदावरीतलं बेट सांगितलं. कोंडिबा दर उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजांची वाडी लावायचा. मधोमध एक उंचवटा, बाभळी, दोनतीन उंबर, त्याची झोपडी, पलीकडून गोदावरीची धार. मी दाजींना सांगितलं. आश्चर्य म्हणजे ते उठले, कासरा घेतला आणि एकटेच जाऊन बेट बघून आले. आल्यावर म्हणाले, "ब्येस हाय. जाऊ." मला इतका आनंद झाला की मी पुढचं नीट ऐकलंच नाही. ते म्हणाले होते, "एका अंगानं पळाया वाट हाय."

निघायच्या दिवशी बैलगाडीत गवताच्या चुंबळींवर दोन घागरी ठेवलेल्या दिसल्या. दोन्ही घरच्या पाण्याने भरलेल्या. नदीचं पाणी मानवलं नाही तर काय, असा दाजींचा प्रश्न होता. दहा वर्षांची सुमी, माझी भाची, बापाला म्हणाली, "आबा, नदीला बी एक तांब्या देऊ. उन्हाळा हाय." अक्का हसली. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि कॅलेंडरचं चित्र घडी न घालता, सुरळी करून बरोबर घेतलं होतं. सबंध वाटभर ती मान उंच करून पुढे बघत होती.

गाडी नदीच्या उतारावरून पात्रात उतरली, कोरड्या वाळूतून कुरकुरत चालली आणि एका चढावर जाऊन उंबराखाली थांबली. अक्का गाडीतच बसून राहिली. "दत्तू, बेटावर कंदी जायाचं?"

"आलो की अक्का," मी म्हणालो. "हेच बेट."

तिने मागे वळून पाहिलं. ज्या वाटेने आम्ही आलो तिथे पाणी नव्हतं, नुसती वाळू, आणि वाळूत आमच्या गाडीची चाकोरी. पलीकडून नदी वाहत होती, पण ती एकाच बाजूने. वरच्या टोकाला वाळूचा एक रुंद बांध साचला होता, त्याने नदीचा अलीकडचा फाटा तोडून कोरडा पाडला होता. हीच ती पळायची वाट. अक्काने बराच वेळ पाहिलं. मग खाली उतरून म्हणाली, "लई झालं दत्तू. झाडं हायेत, पानी हाय. भाऊबीज पावली मला." आणि ती चूल मांडायला गेली. पण चित्राची सुरळी तिने गाडीतच राहू दिली. ते मी पाहिलं, आणि दाजींनीही पाहिलं.  जेवतानासुद्धा त्यांनी एकही काळजी बोलून दाखवली नाही. मला भीती वाटू लागली की आता उद्या सकाळी गाडी जुंपा म्हणतील आणि ओवाळणीचा विषय कायमचा मिटेल.

सकाळी उठून बघतो तर दाजी नाहीत. कोंडिबाचं फावडंही नाही. मी धावत वरच्या टोकाला गेलो. वाळूच्या बांधावर धोतर खोचून दाजी चर खणत होते. नदीकडची कड तशीच ठेवून अलीकडच्या कोरड्या फाट्यापर्यंत त्यांनी चराची आखणी केली होती, तळाचा उतार अगदी वाफ्याच्या पाटासारखा. कमरेला कासरा बांधला होता आणि कासऱ्याचं दुसरं टोक बाभळीला.

"दाजी, हे काय?"

"बेट म्हनून आनलं ना तिला?" ते मान वर न करता म्हणाले. "सुमीच्या पुस्तकात हाय, चारी बाजूंनी पानी. मग चारी पायजेत. एक कशी चालंल?"

"पण तुमची पळायची वाट?"

यावर दाजी थांबले. घाम पुसला. आम्ही आलो त्या वाळूकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांच्या हातचं फावडं घ्यायला पुढे झालो. त्यांनी दिलं नाही. "तुमी घमेलं धरा, पाव्हणं," म्हणाले. "वाळू कडंला टाका, चरात घसरती."

दिवसभर आम्ही खणत होतो. माझ्या हातांना फोड आले. कोंडिबा टरबूज खात बसून आम्हाला चिडवत होता. "दाजी, येवढं खनल्यावर गोदामाय तुमच्या गावाला न्या की." दाजी म्हणाले, "तुजं फावडं बोथट हाय, ते आदी बघ." उन्हं कलली तेव्हा नदीकडची कड फोडायची वेळ आली. दाजींनी सुमीला हाक मारून वर उभं केलं, मला बाभळीशी उभं करून कासऱ्याची गाठ पुन्हा तपासायला लावली, मग कोंडिबाला तपासायला लावली. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून फावडं घातलं. पाणी आधी जरा थबकलं, मग चरात शिरलं, वाळू पीत पीत पुढे सरकलं आणि फाट्यात उतरलं. दाजी चराच्या कडेकडेने त्याच्याबरोबर चालत होते, कासरा पुरेल तिथवर. फुटू लागलेली कड दाबायची, अडलेली धार मोकळी करायची, हे सगळं ते हातांनीच करत होते, आणि पाणी त्यांच्या घोट्याच्या वर आलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. मीही आठवण करून दिली नाही.

आमच्या गाडीची चाकोरी पाण्याखाली गेली तेव्हा अक्का पिठाचे हात घेऊन चुलीपासून उठून आली. एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं. मग सबंध उंचवट्याला तिने एक फेरी घातली, देवळाला घालतात तशी सावकाश. परत आल्यावर तिने गाडीतून सुरळी काढली आणि उंबराच्या खोडाला बाभळीच्या काट्यांनी ते चित्र टोचून टाकलं.

पुढचे दिवस दाजींच्या आयुष्यातले सगळ्यात काळजीचे गेले असतील. त्यांनी फाट्यात एक काठी रोवली, पाण्याच्या पातळीवर सुताचा दोरा बांधला आणि घडोघडी जाऊन तो बघायला सुरुवात केली. पाणी चढलं तर? पण ऐन उन्हाळ्यातली नदी ती, चढायची कुठली? दुसऱ्याच दिवशी पाणी दोऱ्याच्या खाली गेलं. दाजी हादरले. "पाव्हणं, पानी उतरतंय," ते धावत येऊन मला म्हणाले. जन्मभर पाणी वाढेल म्हणून घाबरलेला हा माणूस आता पाणी आटेल म्हणून घाबरला होता. तेव्हापासून रोज उजाडलं की ते फावडं घेऊन चर खोल करायला जात. अक्का भाकरी थापत असताना हळूच तिच्याजवळून जात आणि सहज विचारल्यासारखं विचारत, "दिसतंय ना गं, चारी अंगांनी?"

ती तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "दिसतंय. बसा आता घडीभर."

बसायचे मात्र नाहीत.

निघताना गाडी त्या पाण्यातून हाकावी लागली. पाणी कसंबसं बैलांच्या खुरांवर येत होतं, तरी दाजींनी कासऱ्याने सुमीला अक्काशी, अक्काला माझ्याशी आणि मला गाडीच्या साटीशी बांधलं. काठावर पोचल्यावर ते एकदम थांबले. "चराचं तोंड बांधाया पायजे," म्हणाले. पाणी देऊन झालं की तोंड बांधल्याशिवाय शेत सोडायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. ते फावड्यासाठी कोंडिबाला हाक मारणार, तोच अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की उघडं. ऱ्हाईल तितके दिस बेट." दाजी घुटमळले. दोन वेळा मागे वळून पाहिलं. मग गाडीत बसले. कुलूप ओढून पाहणारा तो माणूस उघडं तोंड मागे टाकून घरी निघाला होता. 

पुढच्या वर्षी दुष्काळाने नदीही पार आटली. त्यानंतर काही वर्षांनी खाली पैठणला धरण भरलं आणि पाणी मागे मागे सरकत आलं. काठची गावं उठली, कोंडिबाची वाडी गेली, बेट गेलं. एकदा मी अक्का आणि दाजींना घेऊन तिथे गेलो. आम्ही गाडी उतरवली होती ती उतरण जेमतेम ओळखू आली. पुढे पाणीच पाणी, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि वाऱ्याने त्यावर लाटा उठत होत्या.

"आला बाई समुद्र," अक्का हळूच म्हणाली.

दाजी तेव्हा थकले होते. काठी टेकत ते पाण्याच्या कडेला गेले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन, अक्काला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "पाव्हणं, त्या चराचं तोंड बांधाया पायजे हुतं."

मी हसलो नाही. हसायला येत होतं, पण डोळेही भरून येत होते, आणि त्यातलं काय दाखवावं ते मला कळेना. पण अक्काने ऐकलं होतंच. ती म्हणाली, "व्हय, तुमीच आनलंय हे समदं," आणि त्यांचा दंड धरला. लाट येऊन दाजींच्या पायांवरून गेली. ते मागे सरकले नाहीत.