साडभाऊंचं न उडालेलं विमान

माझ्या साडभाऊंइतका वाया गेलेल्या वस्तूंचा कैवारी अख्ख्या गोंदिया मुलखात झाला नसेल, आणि त्यांच्या संग्रहातली पहिली वस्तू मीच. नागपुरात वकिलीचा अभ्यास अर्धवट टाकला, गोंदियात दुकान काढून बुडवलं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी लिहिलेलं नाटक तालमीतच गारठलं. तेव्हा बायकोच्या थोरल्या बहिणीच्या या यजमानांनी मला आपल्या गावी, दवनीवाड्याला आणून ठेवलं. न वाजणारी पेटी, न पेटणारी गॅसबत्ती आणि मी एकाच पडवीत राहायचो; जेवायला फक्त मला लागायचं. पाहुण्यांना ते ‘हे आमचे वकील’ म्हणून मला कौतुकाने दाखवत, आणि मीही निर्लज्जासारखा मान डोलवत असे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली तेव्हा जवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर एक लाकडी विमान उरलं. फौजेसाठी नमुना म्हणून केलेलं, पण बेतच रद्द झाला आणि ते कधी उडालंच नाही. सरकारने ते सरपणाच्या भावात विकायला काढलं. साडभाऊंनी ते विकत घेतलं, पंख सोडवले, पुढे बैल जुंपले आणि थेट खळ्यात आणलं. धान उकडायला लाकूड आलं म्हणून त्यांची बायको, आमची जिजी, खूश! ते जपून ठेवायचं आहे हे कळल्यावर तिने मला गाठलं. “तुमी वकील ना? समजवा यायले.”

आयुष्यात मिळालेला हा एकच खटला. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणादिवशी, गावासमोर, मी घसा खाकरून तो चालवला. नागपूरच्या अजबबंगल्यात, त्या संग्रहालयात, ठेवतात त्या वस्तूंनी काही करून दाखवलेलं असतं; जे उडालं नाही, लढलं नाही, ते पोरांना कशासाठी दाखवायचं? काय बोललो, वा! मी स्वतःवरच खूश झालो.

पोरं सजवलेले लाकडी नंदी घेऊन ओळीने उभी होती. साडभाऊंनी त्यातला एक उचलला. “हा कोन्या धानाच्या बांधीत नांगर ओढून आला जी? तरी पूजा करूनच राहिलो ना? बनवनाऱ्यानं तं मन लावूनच बनवलं. उडालं नाही म्हून जाळाचं, तं मंग तुमाले कायले सांभाळून राहिलो मी?”

गाव हसला, सगळ्यांत मोठ्याने मी. जिजीने विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि धानासाठी दुसरं सरपण फोडायला कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

आता साडभाऊ नाहीत. पंख वाळवीने खाल्ले. उरलेलं धड मी दर तान्ह्या पोळ्याला पुसून ठेवतो. यंदा एका पोरीने विचारलं, “आजा, हे कवा उडालं होतं?” कधीच नाही, म्हणालो. ती “बरं” म्हणाली, आणि तिने आपला नंदी त्याच्या शेजारी ठेवून हात जोडले. साडभाऊंची फार आठवण आली.