डब्यातली भरली वांगी

नवऱ्याचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा आणि मी खूश व्हायचे. परवा रजा होती म्हणून जॉन्सनव्हिलला त्याच्या ऑफिसमागच्या जुनाट फूड कोर्टात जेवायला गेले. पाहते तर काय, लाक्सा विकणाऱ्या मलेशियन बाईच्या स्टॉलपुढे नवरा वाडग्यात नाक खुपसून बसलेला, आणि काउंटरमागे ती बाई माझ्या स्टीलच्या डब्यातली भरली वांगी मिटक्या मारत खातेय!

"अगं, आम्ही अदलाबदल करतो," नवरा ओशाळून म्हणाला. "रोजच."

माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात तिने माझ्यापुढेही वाडगा ठेवला. नारळाच्या दुधातला तो झणझणीत रस्सा मला सात जन्मांत जमला नसता, म्हणून मी आणखीच चिडले.

"तुमची वांगी मस्तच असतात," ती म्हणाली. "पण सोमवारी चिंच जरा जास्त झाली होती, नाही?"

झाली होती. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला मुद्दाम विचारलंही होतं, वांगी कशी झाली होती म्हणून.

"एकदम फर्स्ट क्लास," तो म्हणाला होता.