बंडूजींची टिचकी

बंडूजींचा घास हातातच राहिला. बोरगाव मेघेच्या आपल्या अॅम्प्लिफायरच्या दुकानात जेवतानाही काहीतरी चाळत बसायची त्यांना खोडच होती. आज हाताशी नवा प्रीसेट होता, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा तुरीच्या दाण्याएवढा रेझिस्टर. त्याला सहज टिचकी मारली आणि मीटरवरचा आकडाच गायब! प्रीसेटच्या आतला सरकता काटा नीट टेकत नव्हता.

तीस वर्षं अॅम्प्लिफायर देण्याआधी ते मशीनला सिरीजमध्ये, म्हणजे येणाऱ्या विजेच्या वाटेत, बल्ब लावत आणि प्रीसेटवर तीन टिचक्या मारत. बल्ब भडकला, म्हणजे मशीन जास्त करंट ओढतंय; मग ते दुकानाबाहेर जात नसे. हा नवा माल आल्यापासून मात्र, नव्याला कशाला टिचक्या, म्हणून ते सोडलं. शिवाय खालच्या बाजूला जोडायचं तर हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा पत्रा, खोलायचा; त्याचा आळस. म्हणून प्रीसेट बायसच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणाऱ्या जोडणीच्या, वरच्या बाजूला जोडला. तिथं काटा सुटला की करंट सुसाट वाढून ट्रान्झिस्टर जळतात. खालच्या बाजूला सुटला तर करंट नुसता कमी होतो. गावभर हेच शिकवत फिरणारा माणूस! स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं त्यांना.

असलं एक मशीन आज पवनारच्या विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमाला वाजणार होतं. बंडूजींनी ताट तसंच सारलं, पिशवीत बल्ब, मीटर आणि एक जुना प्रीसेट टाकला. बस सुटेपर्यंत ते दोनदा खाली उतरून पुन्हा चढले.

विहारात शोभाबाईंचं गाणं रंगलं होतं. कार्यक्रमाची सगळी व्यवस्थाही त्याच बघत. बंडूजींनी सरळ बटण बंद केलं.

"काऊन बंद केली मशीन?" शोभाबाई कडाडल्या.

"जयभीम, बाई. माही चूक हाय. पाहा."

सगळ्यांसमोर त्यांनी बल्ब जोडला, झाकण काढलं आणि टिचकी मारली. बल्ब लख्ख पेटला. सभेतून कुणीतरी हसलं. बंडूजींचे कान तापले.

शोभाबाईंनी माईकशिवायच गाणं पुढं नेलं. तोवर बंडूजींनी चांगला प्रीसेट खालच्या बाजूला लावला, करंट अगदी कमीवर ठेवून मीटर बघत हळूहळू वाढवला. मग तीन टिचक्या. बल्ब मंदच राहिला.

हायसं वाटून ते भिंतीला टेकले. कुणीतरी चहा आणून दिला.

"बंडूजी," शोभाबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अशा अजून किती मशिनी देल्या तुमी?"

कप ओठाशी थांबला. दुकानातून निघाल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर हे एकच मशीन होतं.

"दोन," ते कसेबसे म्हणाले. "सेवाग्रामले."

शोभाबाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"मंग चहा कायचा पेता? निंगा ना!"